वरंबे घालणार नाही

१२ ऑगस्ट २०२३

आज मसांबा मामांना तोंडावर सांगितलं, यंदा वरंबे घालणार नाही.

मामा माझे नव्हेत, एस्नातीचे. जमीन बायकोची, बायकोवर सत्ता तिच्या मामाची आणि पाठ मात्र माझी, अशी आमची वाटणी आहे. बावीस वर्षांपूर्वी याच मामांनी मला सासूबाईंच्या शेतात वरंबे घालायला लावून माझी परीक्षा घेतली होती. दोरी न लावता मी असे सरळ वरंबे घातले, की लोक बघायला आले. म्हणून तर या गावात घरजावई म्हणून माझी चटई पडली. डोवा जिल्ह्याच्या या डोंगरात माझ्याइतका सरळ हात कुणाचा नाही, हे मीच म्हणतो असं नाही.

आणि आता तोच मी, केफासी, म्हणतो वरंबे नकोत. मामांनी काठी जमिनीवर आपटली.

"जावई, डोकं ठिकाणावर आहे का?"

"डोकं आहे, मामा. माती ठिकाणावर नाही. दरवर्षी मी वरंबे घालतो, दरवर्षी पाऊस ते फोडतो आणि माती ओढ्याला नेतो. उरते ती वीट भाजायच्या कामाची."

"आमचे बापजादे वेडे होते का?"

यावर मी "ते मला भेटले नाहीत" असं म्हणालो. तसं म्हणायला नको होतं. मामा गेले ते न्सिमाचा, मक्याच्या उकडीचा, घासही न घेता.

माझ्या बहिणीच्या गावी मी डोळ्यांनी पाहून आलोय. मक्याची धाटं जाळायची नाहीत, शेतावरच आडवी अंथरायची. माती उकरायची नाही. पाऊस आला की काठीने टोकून दाणा टाकायचा, मध्ये मध्ये तूर. पावसाने ओढ दिली तेव्हा सगळ्यांचा मका माना टाकून होता आणि तिचा हिरवा होता. मी काही कुणाचं ऐकून हे करत नाही.

एस्नाती मामांसमोर एक शब्द बोलली असती तर काय झालं असतं?

१९ ऑगस्ट

धाटं अंथरतोय. येणारेजाणारे थांबतात. कुणी विचारतो, "उंदरांचं लग्न आहे का?" कुणी म्हणतो, "केफासीने म्हातारपणाची गादी घातली." मी म्हणतो, या झोपायला.

सगळ्यांत जास्त बोलणं मात्र अंगणातून येतं. सासूबाई माझ्याशी बोलत नाहीत आणि मी त्यांच्यासमोर येत नाही. जावई-सासूची रीतच आहे, आणि बरीच आहे. पण त्यांच्याकडे एक ठिपक्यांची कोंबडी आहे. तिला मांडीवर घेऊन त्या कणगीपलीकडे बसतात आणि मला ऐकू जाईल अशा आवाजात तिच्याशी बोलतात. लेकी बोले सुने लागे म्हणतात, इथे कोंबडी बोले जावया लागे.

आज कोंबडीला सांगितलं, "काय ग शेत केलंय. असलं शेत मी लहानपणी पाहिलं होतं. त्यानंतर आज."

म्हणजे इतकं गलिच्छ शेत जन्मात एकदाच पाहिलं होतं. समजलो. मीही काही बहिरा नाही.

१३ सप्टेंबर

शेत पूर्ण झाकलं. उभं राहून पाहिलं तर मलाही क्षणभर लाज वाटली. सगळ्यांची शेतं झाडून घेतलेल्या अंगणासारखी स्वच्छ आणि माझं हे असं. पण लाजेला खत म्हणून टाकता येत नाही.

कोंबडीला आज नवीन बातमी मिळाली. "लोटीच्या बायकोने मीठ कुटून ठेवलंय. शनिवारी, म्हणे. ओढ्याच्या अंगाने. या घरात माणसं आहेत, पण कान कुणाला नाहीत."

लोटी माझा मेव्हणा. त्याची बायको कशी कामसू, घरात मीठ कसं आधीच कुटलेलं असतं, हे मला ऐकवायचं. म्हणजे एस्नाती आळशी आणि मी तर काय, बोलायलाच नको. शनिवारी मी बहिणीकडे तुरीचं बी आणायला जाणार आहे. जाऊ दे, तेवढाच कानांना आराम.

१६ सप्टेंबर, शनिवार

शेत जळालं.

सायकलवरून परत येत होतो तेव्हा धूर दिसला, पण या दिवसांत सगळीकडे धूर असतो. टेकडीवरून खाली आलो आणि कळलं की माझाच आहे. लोटी आणि त्याच्या टोळीने उंदीर धरायला ओढ्याच्या अंगाने धाटं पेटवली. उंदीर बिळाबाहेर पळतात, हे काठ्या घेऊन उभे. मग वारा सुटला. माझी धाटं सुकून कडकडीत, त्यांना काय लागतंय.

मी पोचलो तोवर डहाळ्या मारून मारून एस्नातीने निम्मं वाचवलं होतं. तिचं नेसूचं वस्त्र खालून जळालेलं. मी तिला काय म्हणालो ते लिहीत नाही, पण चांगलं म्हणालो नाही. माझ्याऐवजी ती तिथे होती याचाच मला राग आला.

घरी आलो तर सासूबाई कणगीमागून आत जाताना पाठमोऱ्या दिसल्या. कोपरापर्यंत हात काळे. शेत जळतंय आणि या चुलीपाशी. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

१८ सप्टेंबर

लोटी आला. हातात काडीला ओळीने बांधलेले उंदीर, मिठात उकडून वाळवलेले. 

"दाजी, चुकलं."

"चुकलं नाही, जाळलंस."

"वारा माझा नव्हता, दाजी."

"काडी कुणाची होती?"

त्याने उंदीर पुढे केले आणि म्हणाला, "तुमच्याच शेतातले आहेत. पण एवढे जाडजूड उंदीर आख्ख्या गावात कुणाच्या शेतात नाहीत."

ही स्तुती होती. मी उंदीर ठेवून घेतले आणि त्याला हाकललं. जाताना अट घातली: जळालं नाही त्या भागात कुदळ घेऊन बिळं खणायला ये, एकटा ये, काडेपेटी घरी ठेव. जो आग अडवील, उंदीर त्याचे. तयार झाला. लोटी वाईट नाही, भुकेला आहे.

उंदीर रागाने खाल्ले. चविष्ट होते.

१ ऑक्टोबर

जळालेल्या भागासाठी पाणथळीतलं गवत कापून डोक्यावरून आणतोय. एस्नाती न सांगता येते, दोन भारे टाकते, न बोलता जाते. लाज वाटत असेल तिला माझी. वाटू दे. गवत तरी येतंय.

मामांनी निरोप धाडला. दोन्ही बाजूचे मामे बसणार. म्हणजे आमच्या लग्नाचे जामीन पुन्हा एकत्र येणार. ते एकत्र येतात दोन वेळा, लग्न लावायला आणि मोडायला. लग्न तर झालेलं आहे.

८ ऑक्टोबर

आंब्याखाली बैठक झाली. जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

माझे बेनितो मामा लांबून सायकलवर आले. आल्या आल्या पाणी मागितलं, मग कोंबडीचं कालवण आहे का ते विचारलं. होतं. ठिपक्यांची कोंबडी नव्हे, दुसरी कापली होती. मी पाहून घेतलं. का पाहिलं, ठाऊक नाही.

मसांबा मामांनी सुरुवात केली. "या माणसाने माझ्या भाचीच्या शेतात कचरा भरला. कचरा जळाला, सगळं रान जळता जळता राहिलं. आता पुन्हा कचरा भरतोय. पावसाआधी वरंबे पडले नाहीत, तर चटई गुंडाळायची आणि आपल्या आईच्या गावी जायचं."

मी बेनितो मामांकडे पाहिलं. माझा माणूस. त्यांनी हाड चोखून खाली ठेवलं आणि म्हणाले, "बाळा, घाल वरंबे. तुझा हात सरळ आहे. चार दिवसांचं काम. अब्रू राहील, बायको राहील."

"आणि माती?"

"मातीला कोण विचारतं?"

"मी विचारतो. वरंबे घालणार नाही. चटई बाहेर टाका, मी शेतात झोपेन. धाटं आहेतच."

मसांबा मामा उठले. म्हणाले, "पूर्वजांनी घालून दिलेली रीत हा परका माणूस..."

तेवढ्यात कणगीमागून आवाज आला. सासूबाई बैठकीकडे पाठ करून बसल्या होत्या, कोंबडी मांडीवर. कुणाशीच बोलत नव्हत्या. कोंबडीशी बोलत होत्या.

"ऐक ग. तुला एक गोष्ट सांगते. माझा बाप या गावचा जावई होता. याच शेतात राबायचा. त्याचं शेत सपाट असायचं, वर पालापाचोळा, काठीने टोकायचा. मग साहेबाच्या सरकारने कायदा काढला. सगळ्यांनी वरंबे घाला, नाहीतर दंड. बापाने घातले नाहीत. म्हणाला, माती माझ्या बायकोच्या आईची, साहेबाची नव्हे. त्याला डोवाच्या तुरुंगात टाकलं. मी आईबरोबर न्सिमा घेऊन जायचे, शिपाई ते खायचा. बाप सुटून आला तेव्हा पाठ वाकली होती. मग घातले त्याने वरंबे. घालताना रडायचा. आम्हाला म्हणाला, हे वरंबे सरकारचे आहेत, विसरू नका. तेव्हा मसांबा दुधावर होता. त्याला कुठून आठवणार? त्याला वाटतं, वरंबे देवाने दिले."

मसांबा मामा आपल्या बहिणीच्या पाठीकडे बघत उभे राहिले. म्हातारा माणूस, पण त्या क्षणी थोरल्या बहिणीने कान धरलेल्या पोरासारखा दिसला.

मग एस्नाती उठली. मला वाटलं ताटं उचलायला.

"मामा, शेत माझं आहे," ती म्हणाली. "चटईही मीच विणलीय. पीक येईपर्यंत ती हलणार नाही. पीक आलं नाही तर तुम्ही सांगाल ते करू. मेरेसीच्या बाबांना आणखी काही विचारायचं असेल तर मला विचारा."

मेरेसी आमची मुलगी, राजधानीत, लिलाँग्वेत शिकते. तिच्या नावाने मला बायकोने किती वेळा हाक मारली असेल. आजच्यासारखी कधी लागली नाही.

ठरलं. पीक येईपर्यंत. बेनितो मामांनी उरलेलं कालवण डब्यात भरून घेतलं.

तरी एक सल आहेच. सासूबाई माझी बाजू घेत नव्हत्या. त्यांना आपल्या बापाची आठवण आली, एवढंच. योगायोगाने माझं काम झालं.

२ डिसेंबर

दाणा टाकला. पुढे मी काठीने भोक पाडतो, मागून एस्नाती दोन दाणे टाकून पायाने माती लोटते. लोक वरंबे घालून थकलेत, आम्ही आरामात. माझ्या आयुष्यातली ही पहिली पेरणी जिच्यात पाठ दुखली नाही.

२३ डिसेंबर

पाठ दुखली. तण. गवताच्या भाऱ्यांबरोबर बी आलं असणार. हाताने उपटतोय. बहिणीने हे सांगितलं नव्हतं. आता भेटली की बोलेन.

१४ जानेवारी

पाऊस गेला. नुसतं ऊन. रेडिओवर एल निनो, एल निनो चाललंय, जणू पाहुणा आलाय. सगळ्यांच्या मक्याची पानं दुपारी सुरळीसारखी वळतात. माझीही वळायला लागली. आज कुणी नसताना शेतात बसून स्वतःला विचारलं, केफासी, तू चुकलास तर? एस्नातीच्या मुलांच्या तोंडचा घास तू हट्टापायी काढलास तर? मुलं माझीही आहेत, पण या गावात ती तिची.

मग धाटांखाली हात घातला. माती थंड होती. नीट ओली नव्हती, पण थंड. पडून राहिलो तिथेच, बराच वेळ.

जळालेल्या भागात माती गरम.

२५ जानेवारी

लष्करी अळी. पोंग्यात घुसते. हाताने वेचून चिरडतोय. लोटीही येतो वेचायला. अजून पाऊस नाही. माझा मका दुपारी वळतो आणि सकाळी पुन्हा उलगडतो. इतरांचा सकाळीही उलगडत नाही. मी हे कुणाला बोलून दाखवलं नाही. शेजाऱ्याच्या पोटावर पाय देऊन टाळी वाजवायची नसते.

पण या वहीत वाजवतो.

९ फेब्रुवारी

मसांबा मामा शेताशी आले. "इकडून चाललो होतो," म्हणाले. इकडून कुठेच जाता येत नाही, पुढे ओढा आहे. वाकले, धाटं बाजूला केली, बोट खुपसलं, नाकाशी नेलं. मी उभा.

"उंदीर फार झालेत तुझ्याकडे," असं म्हणून निघून गेले.

२८ एप्रिल

कापणी. खोटं लिहीत नाही. भरघोस नाही. जळालेल्या भागात अंगठ्याएवढी कणसं. धाटांच्या भागात बरी, काही तर नेहमीसारखी. कणगी अर्धी भरली आणि तूर अजून शेतात आहे. गावात दुसऱ्या कुणाची पावही भरली नाही.

मामांच्या घरून नात आली, रिकामी टोपली घेऊन. कोंबडीला लगेच सांगण्यात आलं, "रिकामी आलेली टोपली रिकामी पाठवायची नसते, हे कुणाकुणाला शिकवावं लागतं."

मला शिकवायची गरज नव्हती. मी आधीच भरायला घेतली होती. पण चटईचं काय ठरलं, हे मामांनी नातीबरोबर कळवलं नाही. आभारही नाहीत, निकालही नाही. बेनितो मामा म्हणतात, गप्प बस, विसरले असतील. मी विसरलेलो नाही. मला ऐकायचंय.

२० जुलै २०२४

चोरी. माझ्या शेतातली धाटं कमी होतायत. गुरांनी खाल्ली म्हणावं तर गुरं गाठोडी बांधत नाहीत. आज गळालेल्या पानांच्या मागावर गेलो. माग मामांच्या शेतात गेला. अर्ध्या शेतात धाटं आडवी अंथरलेली, नीट, एकमेकांना चिकटून. माझी.

रागाने घरी आलो. "मी गावात सांगणार," म्हटलं. "चोरी ती चोरी."

एस्नाती हसायला लागली ती थांबेचना. "सांगा ना. सांगा, मामांनी माझा कचरा चोरला."

मला यात हसण्यासारखं काही दिसत नाही. मागितली असती तर दिली असती.

१७ ऑगस्ट

कोंबड्यांत रोग आलाय. मान वाकडी होते, दोन दिवसांत संपतात. गावातली खुराडी रिकामी. ठिपक्यांचीही गेली. सासूबाईंनी स्वतः खड्डा करून पुरली, कुणाला खाऊ दिली नाही.

३१ ऑगस्ट

अंगण शांत आहे. बोलायला कुणी नाही, म्हणून सासूबाई बोलत नाहीत. कणगीपलीकडे तशाच बसतात, मांडी रिकामी.

मला आनंद व्हायला हवा. इतकी वर्षं ऐकून घेतलं. आज तुरीच्या शेंगा सोलायला मुद्दाम कणगीच्या अलीकडे बसलो. शेंगा घाणेरड्या सोलल्या, टरफलं अंगणभर टाकली. काही आलं नाही पलीकडून.

जेवण गेलं नाही.

५ सप्टेंबर

आठवडी बाजाराला गेलो. रोग आमच्याकडे फिरलाय, टेकडीपलीकडे नाही. एक कोंबडी घेतली. ठिपक्यांची मिळाली नाही, तांबडी मिळाली, अंगाने बारीक. सायकलच्या हँडलला टोपलीत बांधून आणली. वाटेत तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला. जमलं नाही. सवय लागते.

अंगणाच्या कडेला सोडली आणि कणगीआड उभा राहिलो. कोंबडी गोंधळून इकडे तिकडे फिरली. सासूबाईंनी दाणे टाकले, पकडली, मांडीवर घेतली. फटीतून त्यांचा हात दिसला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा जुना, चकचकीत व्रण. चुलीशी काम करताना बायका स्वतःला सांभाळतच नाहीत.

मग आवाज आला.

"हाडं मोजून घ्यावीत अशी कोंबडी कुणी आणली? डोळे नव्हते का बरोबर नेले?"

मी कणगीला टेकलो.

"नवी आहेस, तुला काही ठाऊक नाही. सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. आधी एवढं ऐक. ते पलीकडे कणगीआड लपून उभं आहे ना, ते आमचं माणूस आहे. त्याची चटई या घरातून कुठे जायची नाही. मसांबाने सांगितलं तरी नाही. मसांबा सांगणारही नाही आता, तोंड नाही त्याला, धाटं चोरतोय."

मी फटीला कान लावला.

"आणि दुसरं. या माणसाला कान कमी आहेत, म्हणून नीट सांग. गेल्या वर्षी नुसतं मीठ म्हटलं, तर कळलं नाही, गेला बहिणीकडे. यंदा उघडच बोलते. ओढ्यापलीकडच्या गावात उंदरांसाठी मीठ कुटतायत. शनिवारी येणार. काड्या घेऊन."

शनिवारी मी शेतात बसणार आहे, ओल्या डहाळ्या घेऊन, लोटीही येतोय. मसांबा मामांना निरोप धाडलाय की तुम्हीही या. चोरीची का असेनात, धाटं तुमचीही आहेत.